आमची धाराशिवी जर्मन

जर्मन भाषेच्या बोली नेमक्या किती, यावरून तिथले विद्वान आपसांत भांडतात म्हणे. भांडोत बापडे. त्यांच्या नजरेतून एक बोलीगट सुटलाय एवढं मी छातीठोकपणे सांगते, कारण तो धाराशिवात, माझ्या घराच्या हॉलमध्ये जन्माला आला, आणि तो जन्माला येऊ नये म्हणून मी घसा फोडून घेतला होता. त्याच्या तीन पोटबोली आहेत. एक बेंबळीची, एक नळदुर्गची आणि एक आमच्या सासूबाईंची. तिसरी बोलणारं माणूस एकच, पण दरारा त्याचाच जास्त.

मी जर्मन शिकले ती लग्नाआधी, पुण्यात. लग्न करून धाराशिवला आले तेव्हा ती भाषा ट्रंकेत गेली आणि कित्येक वर्षं तिथंच राहिली. बोलणार कुणाशी? मग अलीकडं नर्सिंग झालेल्या पोरी जर्मनीला जायला लागल्या. तिथं म्हातारी माणसं फार, सांभाळणारे हात कमी. कुणीतरी कुणालातरी सांगितलं की धाराशिवात एका बाईंना जर्मन येते. झालं. सोफा भिंतीला सरकला, प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, पांढरा फळा आला. माझं जुनं प्रमाणपत्र मी हौसेनं फ्रेम करून लावलं. प्रत्येक नवी बॅच त्यावरचं नाव वाचून विचारते, ह्या कोण मॅडम? मी म्हणते, मीच, लग्नाआधीची. पोरी मान डोलावतात. त्यांच्या आयांचंही तसंच असतं. आमच्याकडं लग्नात आडनाव तर जातंच, पण ताटात तांदूळ पसरून नवरदेव अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो, आणि पहिलंही जातं. काय लिहायचं ते सासरच्यांनी ठरवलेलं असतं. माझं सासूबाईंनी ठरवलं होतं.

तर बोली. आमचा सगळा जिल्हाच ‘कुठे’ला ‘कुठं’ म्हणतो, मीही म्हणते. पण बेंबळीकडच्या पोरींनी तो हिसका जर्मनलाही दिला. बिटे म्हणजे कृपया, त्याचं झालं बिटं. डांके म्हणजे आभार, त्याचं डांकं. शेवटी ‘ए’ दिसला की त्याची मान मुरगळलीच. नळदुर्गची एक पोरगी हायवेवरच्या ढाब्यावर वाढलेली. सावकाश याला जर्मनमध्ये लांगझाम म्हणतात, तो शब्द तिला काही केल्या आठवायचा नाही. मग ती खुशाल म्हणायची, “हल्लू आउफश्टेहेन, बिटं.” हल्लू उठा, कृपया. आणि वाक्य कुठलंही असो, त्याच्या शेपटाला ‘व्हय का’ बांधलेलं असायचं. मी फळ्यावर डस्टर आपटायचे. म्हणायचे, बायांनो, तिकडचे लोक तुम्हाला विमानतळावरूनच माघारी धाडतील. त्या हसायच्या आणि पुन्हा तेच बोलायच्या. आपसांत बोलताना तर धडधडीत धाराशिवीच.

आता सासूबाई. न्हाणीघरात पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तेव्हापासून पलंग, खुर्ची आणि वॉकर, एवढंच त्यांचं जग. डोकं मात्र तल्लख, आणि जीभ त्याहून. त्यांची खोली हॉलला लागून, मध्ये नुसता पडदा. दिवसभर कानावर जर्मन पडायची. मला सरावाला पेशंट हवा होता आणि त्यांना करमणूक. मी भीत भीत विचारलं तर म्हणाल्या, पडूनच तर आहे की, शिकू देत माझ्यावर.

तिकडं म्हाताऱ्या माणसाची सेवा करायचे कायदे आहेत. दार उघडं असलं तरी आधी टकटक करायचं. अंगाला हात लावण्याआधी काय करणार ते सांगायचं. आणि हाक मारायची ती फ्राउ, म्हणजे बाई, आणि पुढं आडनाव. पहिले दोन पोरींना सहज जमले. तिसऱ्यापाशी सगळ्यांची गाडी अडली. मोठ्या माणसाचं नाव तोंडानं घ्यायचं म्हणजे काय, आमच्याकडं असल्या पोरीच्या आईबापाचा उद्धार होतो. मी समजावलं की तिकडं परक्या बाईला आजी म्हटलं तर तिला राग येतो, आपल्याला लहान लेकरात काढलं असं वाटतं. पोरींनी मन लावून ऐकलं, पडदा बाजूला केला आणि म्हणाल्या, “गुटन मॉर्गन, फ्राउ आजी.”

सासूबाई म्हणाल्या, “गुटन मॉर्गन री.”

त्यांचं माहेर जळकोटच्या बाजूचं. तिकडं बोलण्यात कानडी मिसळलेली, आणि समोरच्याला मान द्यायचा तर शब्दाला ‘री’ लागतो. तो त्यांनी जर्मनला लावला, झाली तिसरी पोटबोली तयार. ‘उंड’ हा त्यांचा लाडका शब्द. उंड म्हणजे आणि. उंड चहा, उंड पांघरूण, उंड ते फॅन बंद कर. माझ्या जर्मनची अशी वाट लागत होती आणि वाट लावणाऱ्यांत घरचंच माणूस पुढं होतं. एखादी धीट पोरगी छाती करून फ्राउ आणि आडनाव म्हणायची, तेव्हा मात्र सासूबाई मान वळवायच्या नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, त्या आडनावानं माझ्या सासूला बोलवायचे लोक, मला कशाला बोलवता.

अजून एक कायदा आहे. नवीन माणूस सांभाळायला आलं की पहिल्या दिवशी विचारायचं, तुम्हाला काय म्हणून हाक मारलेली आवडेल? मी तो प्रश्न जर्मनमध्ये पाठ करून घेते. एकेक पोरगी पलंगापाशी उभी राहते, घडाघडा प्रश्न म्हणते, मी उच्चार सुधारते आणि म्हणते, चला, पुढची.

त्या बॅचमध्ये बेंबळीची एक पोरगी होती. घरची शेती, भावंडांत ही एकटीच शिकलेली. बोलायची कमी. जर्मनीला का जायचंय, असं मी पहिल्या दिवशी विचारते. बाकीच्यांनी पगार सांगितला, ही गप्प बसली. पुढं कधीतरी खुर्च्या रचून ठेवताना आपणहून सांगितलं. एका खासगी दवाखान्यात ती नोकरी करायची. तिथं पेशंटला खाटेच्या नंबरानं ओळखायचे. चार नंबरला सलाइन लाव, सात नंबरची चादर बदल. एकदा चार नंबरच्या म्हाताऱ्यानं तिचा हात धरून विचारलं, बाई, माझं नाव तरी ठाऊक हाय का तुला? तिला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी विचारू म्हणून गेली, तर खाटेवर दुसरंच कुणीतरी होतं. तिकडं माणसाला नाव विचारून मग हात लावतात, असं मी वर्गात सांगितलेलं तिनं पक्कं धरलं होतं. तिला जायचं होतं ते त्यासाठी.

परीक्षा ती पास झाली, पण मुलाखतीत अडकली. मोबाइलच्या पडद्यावर गोरं माणूस दिसलं की हिची दातखीळ बसायची. दोन वृद्धाश्रमांनी नको म्हणून कळवलं. मुलाखती जमवून देणारा माणूस म्हणाला, अजून एकदाच, मग मला बोलू नका. घरी वडील म्हणाले, ह्यावेळी न्हाय जमलं तर बास, जुनी नोकरी बघ. जुनी नोकरी म्हणजे पुन्हा चार नंबर, सात नंबर. बेंबळीत तिच्या घरी नेट धड चालत नाही, म्हणून मुलाखत माझ्याच घरी ठरली. पोरगी सकाळीच आली. मी उपमा पुढं ठेवला, त्याला तिनं हात लावला नाही.

समोर आली ती डोंगरातल्या कुठल्याशा गावच्या वृद्धाश्रमाची प्रमुख बाई. केस पिकलेले, गाल लाल. ती बोलायला लागली आणि मी कान टवकारले. ही जर्मन माझ्या पुस्तकातली नव्हतीच. अर्धे शब्द तोंडातल्या तोंडात चावलेले, अर्धे गिळलेले. म्हटलं, घ्या, ही तिकडची बेंबळीकर. मला अर्धं कळत होतं, पोरीला किती कळत असेल देव जाणे. नाव, गाव, शिक्षण एवढं तिनं पाठ केलेलं सांगितलं. पुढचा प्रश्न आला आणि ती थांबली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मला रडू यायला लागलं होतं आणि रागही येत होता, तिचा नाही, सगळ्याचाच.

तेवढ्यात पडद्याआडून सासूबाई खोकल्या. बाईनं विचारलं, घरात कुणी म्हातारं आहे का? मला राहवलं नाही, मी मध्ये तोंड घालून आडनावासकट सांगितलं की माझ्या सासूबाई आहेत, पोरी त्यांच्यावरच सराव करतात. बाई म्हणाली, मग राहू दे बोलणं. हिला म्हणावं, त्यांना पलंगावरून उठवून खुर्चीत बसव. मी बघते.

मी मोबाइल उचलून मागं मागं गेले. पोरगी पडद्यापाशी थांबली. मी ओठांनी आडनाव, आडनाव असं तिला खुणावत होते. ‘फ्राउ आजी’ म्हणाली तर संपलंच. तिनं चौकटीवर टकटक केलं, क्षणभर थांबली आणि म्हणाली, “गुटन मॉर्गन, फ्राउ” आणि पुढं एक नाव घेतलं. या घरात मी ते नाव कधीच ऐकलं नव्हतं.

आडनाव नव्हतं ते. बाईमाणसाचं साधं, पहिलं नाव होतं. एक तर फ्राउच्या पुढं पहिलं नाव लावणंच चूक, तिकडचं शेंबडं पोरही असं बोलत नाही. त्यात नावही भलत्याच कुणाचं. घाबरून पोरीची मती फिरली, संपलं, असं मला वाटलं.

आणि सासूबाईंनी मान वळवली. आई म्हटल्यावर वळवतात तशी नाही, आजी म्हटल्यावर वळवतात तशी नाही. उशीवरून डोकं उचलून त्यांनी तिच्याकडं बघितलं आणि जर्मनमध्ये हो म्हणाल्या, वर ‘री’ जोडून. पोरगी पुढं झाली. आता पाठीखाली हात घालते, सांगितलं, घातला. आता पाय खाली घेऊ या, बिटं. हल्लू. उंड उजवा हात माझ्या खांद्यावर. एरवी मी उठवायला गेले की कण्हणाऱ्या सासूबाई निमूट तिच्याबरोबर उठल्या आणि खुर्चीत बसल्या. पोरीनं पदर नीट केला, पायांवर शाल टाकली. फोन धरलेला माझा हात भरून आला होता.

बाईनं विचारलं की यांचं आडनाव मॅडमनी आत्ताच वेगळं सांगितलं, मग हे नाव कुणाचं? आता मी बोलू शकत नव्हते, मला तरी कुठं ठाऊक होतं. पोरगी सासूबाईंचा हात हातात धरून उभी होती. मग बोलली. वर्षभरात मी तिला एका दमात एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. सगळं अस्सल धाराशिवी जर्मनमध्ये, ‘ए’च्या माना मुरगळत.

“मी विचारलं, त्यांनी सांगितलं,” ती म्हणाली. “हे नाव त्यांच्या आईच्या घरचं हाय. इथं कुणी घेत न्हाय. आमच्या भाषेत मलाबी घेता येत न्हाय, त्या मोठ्या हायत. जर्मनमध्ये घेता येतं. म्हणून मी जर्मनमध्ये घेते.”

मग बाईनं सासूबाईंनाच थेट विचारलं, ही मुलगी काम चांगलं करते का? मी भाषांतर करायच्या आत सासूबाईंनी उत्तर दिलं, “गुट. लई गुट री.” बाई मोठ्यानं हसली. थोड्याच दिवसांत निवड झाल्याचं कळलं. मी पेढे वाटले, पोरीच्या वडिलांनी बेंबळीहून हुरड्याची पिशवी आणून दिली.

पेढे वाटले खरे, पण माझ्या मनात काटा रुतला होता. त्या नावाची बाई या घरात राहते आणि मला पत्ता नाही? लग्न झाल्यापासून मी यांचं जेवणखाण बघतेय, पडल्यापासून अंघोळ घालतेय, औषधं देतेय, आणि नाव सांगितलं ते बेंबळीच्या पोरीला. मी फणकाऱ्यानंच विचारलं, आई, मला कधी सांगितलं नाहीत ते.

“तू कधी विचारलंस?” त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, रोज तर विचारतो, पोरी वर्गात विचारतात तो प्रश्नच तो आहे. त्यावर त्यांनी माझी हुबेहूब नक्कल केली. चला, पुढची. मग म्हणाल्या की सगळ्या विचारून वळतात, ही विचारून उभी राहिली. “मीच म्हटलं, आता हिला काय सांगावं. सांगायला गेले तर तेच तोंडात आलं.”

मग हळूहळू बाकीचं सांगितलं. लग्नात त्यांच्या सासऱ्यांनी देवीचं नाव ठेवलं, तेच कागदोपत्री लागलं. पण त्या नावानंही कुणी हाक मारली नाही. नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायची तेव्हा रीतच नव्हती, माझे मामंजी जन्मभर ‘ऐकलंस का’ म्हणत राहिले. बाकीच्यांची सून, वहिनी, काकू, आई, आजी. माहेरचं नाव माहेरीच राहिलं. आई गेली, भाऊ गेले. धाकटी बहीण होती, ती फोनवर हाक मारायची, तीही गेली. ते नाव घेणारं आता कुणी उरलं न्हाय बघ, असं त्या म्हणाल्या, आणि मग चहात साखर कमी आहे म्हणून माझ्यावर डाफरल्या. मी उठून साखर आणली. आत जाऊन ओट्यापाशी मी रडले, ते मात्र त्यांना कळू दिलं नाही.

पोरगी निघाली त्या दिवशी पाया पडायला आली. येते आजी, म्हणाली. सासूबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. दारापर्यंत गेलेली ती परत फिरली, चौकटीवर टकटक केलं आणि फ्राउ म्हणून ते नाव एकदा घेतलं. सासूबाईंनी नुसती मान हलवली. पदरानं डोळे पुसले. मी पहिल्यांदाच त्यांना असं बघितलं. ते नाव मी इथं लिहीत नाही. मीही इथलीच.

मग नवी बॅच आली. नव्या पोरी प्रश्न विचारतात, मी आता त्यांना ‘पुढची’ म्हणत नाही, थांबा म्हणते. सासूबाई त्यांना ‘फ्राउ आजी’ एवढंच सांगतात. पण सकाळी पडदा हलला की त्या आधी तिकडं बघतात, मी दिसले की नजर खाली घेतात. मला ते लागायचं. वाटायचं, घ्यावं का आपणच ते नाव? सासूचं नाव सुनेनं? तोंडाजवळ यायचं आणि माघारी जायचं.

परवा सकाळी चहा घेऊन गेले. पडद्यापाशी थांबले आणि एका हातानं चौकटीवर टकटक केलं. त्यांनी बघितलं, हिला काय झालं आता, अशा नजरेनं. मी कप घेऊन पलंगापाशी उभी राहिले आणि तो प्रश्न विचारला, जर्मनमध्ये. मराठीत मला तो जन्मात विचारता आला नसता. तुम्हाला काय म्हणून हाक मारलेली आवडेल? विचारलं आणि उभी राहिले. नाव घ्यायची सगळी तयारी करून आले होते.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, “तू आईच म्हण. तुझ्या तोंडाला तेच बसलंय.”

मला सुटल्यासारखं झालं आणि थोडं वाईटही वाटलं. बरं म्हणाले, कप स्टुलावर ठेवला, पांघरुणाची घडी घातली आणि निघाले.

मागून आवाज आला, “उंड तुला?”

मला कळलं नाही. काय मला, असं विचारत मी वळले.

“तुला काय म्हणून हाक मारलेली आवडंल गं?”

या घरात आल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी तरी स्वतःला कुठं विचारलं होतं. मी हॉलमधल्या फ्रेमकडं नुसतं बोट केलं, नाव काही तोंडून फुटेना. ती अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत, हेही मला सुचलं नाही.

“म्हाईतंय मला,” त्या म्हणाल्या. “तांदळात दुसरं लिवायला मीच लावलं न्हव का. पयलं चांगलं होतं की. कशाला बदललं आमी, काय म्हाईत.”

मग उशीला टेकून जरा सावरून बसल्या, आणि गुटन मॉर्गन, फ्राउ असं म्हणून माझं नाव घेतलं. माझी आई घेते तसं, पूर्ण. इतकी वर्षं त्या ते विसरल्या नव्हत्या. हॉलमध्ये पोरी आल्या होत्या, खुर्च्या सरकत होत्या, कुणीतरी मॅडम, मॅडम करत होतं. मी तिथंच उभी होते. जर्मन शिकवणाऱ्या बाईनं जर्मनमध्ये उत्तर द्यायला हवं होतं. माझ्या तोंडून नुसतं “व्हय” आलं.